राखीव समुद्र आणि दिलेला शब्द : चागोस निवाड्याचे एक परीक्षण

न्यायनिवाडे वकिलांनी वाचावयाचे आणि कपाटात ठेवून द्यावयाचे, असा एक समज आपल्या समाजात रूढ आहे. कविता, कादंबरी, नाटक यांची परीक्षणे नियतकालिकांतून प्रसिद्ध होतात. निवाड्याचे परीक्षण क्वचितच वाचावयास मिळते. वस्तुतः निवाडा हाही लेखनाचाच एक प्रकार आहे. त्यात कथा असते, पात्रे असतात, संघर्ष असतो आणि अखेरीस तात्पर्यही असते. फरक एवढाच की, या तात्पर्यावर खऱ्या माणसांचे हक्क आणि घरदार अवलंबून असते. अशा एका निवाड्याचे परीक्षण आम्ही येथे योजिले आहे. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहाभोवती ब्रिटनने स्थापन केलेल्या सागरी संरक्षित क्षेत्राविषयी मॉरिशसने ब्रिटनविरुद्ध लवादापुढे दावा मांडला होता. समुद्रविषयक संयुक्त राष्ट्रांच्या कायद्यान्वये नेमलेल्या त्या पाच सदस्यांच्या लवादाने १८ मार्च २०१५ रोजी आपला निवाडा दिला. दोनशेहून अधिक पृष्ठांचा आणि पाचशेहून अधिक परिच्छेदांचा हा ग्रंथच म्हणावयास हवा.

विषय दूरचा आहे असे वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. परंतु मॉरिशस हे नाव मराठी माणसास परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि देशावरून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या आपल्या माणसांचे वंशज तेथे आजही मराठीपण सांभाळून आहेत, आणि गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे. ज्या राष्ट्राच्या हक्कांविषयी हा निवाडा आहे, त्या राष्ट्राच्या नागरिकांत हे आपले बांधवही आले. याखेरीज दुसरेही एक कारण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत, २०३० सालापर्यंत पृथ्वीवरील भूमीचा आणि समुद्राचा प्रत्येकी तीस टक्के भाग संरक्षणाखाली आणावयाचा, असे ठरले. कोणत्याही राष्ट्राच्या मालकीच्या नसलेल्या खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे स्थापन करण्याची वाट मोकळी करणारा आंतरराष्ट्रीय करार १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत समुद्राच्या नकाशावर पुष्कळ नव्या रेषा ओढल्या जाणार आहेत. त्या रेषा कोणी ओढावयाच्या आणि कोणास विचारून, हा प्रश्न या निवाड्याइतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी मांडला गेला असेल.

प्रथम कथानक. चागोस हा पन्नासाहून अधिक लहान बेटांचा समूह. दिएगो गार्सिया हे त्यांतील सर्वांत मोठे बेट. मॉरिशस ही ब्रिटिशांची वसाहत असताना चागोसचा कारभार तिच्याकडूनच चाले. १९६५ साली मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडन येथे चालू असता, अमेरिकेस लष्करी तळासाठी जागा हवी म्हणून ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून वेगळा काढला. ८ नोव्हेंबर १९६५ च्या आदेशाने त्याची स्वतंत्र वसाहत बनविण्यात आली आणि मॉरिशसला तीस लक्ष पौंड देण्याचे ठरले. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, परंतु चागोसवाचून. १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना बेटे सोडावी लागली. नारळाच्या बागांत राबणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच वाढलेल्या या दीड-दोन हजार माणसांना मॉरिशस आणि सेशेल्स येथे नेऊन सोडण्यात आले. त्यांतील अनेकांनी पुढे दारिद्र्यात दिवस काढले.

बेटे वेगळी काढताना ब्रिटनने मॉरिशसच्या नेत्यांना काही वचने दिली होती. संरक्षणासाठी बेटांची गरज संपली की ती मॉरिशसला परत दिली जातील. तेथील खनिजे आणि तेल यांचा लाभ मॉरिशससाठी राखला जाईल. आणि मासेमारीचे हक्क शक्य तितके मॉरिशसला उपलब्ध राहतील. संपूर्ण खटला या तीन वचनांच्या अर्थावर उभा आहे.

यानंतर १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडतो. त्या दिवशी ब्रिटनने चागोसभोवतीचा सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित घोषित केला. क्षेत्रफळाने हा भाग फ्रान्सहून मोठा भरतो. मासेमारीचे चालू परवाने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर संपले आणि व्यापारी मासेमारी पूर्णपणे बंद झाली. मॉरिशसच्या नौकांना आजवर विनामूल्य मिळत आलेले परवानेही त्याबरोबर गेले. मात्र दिएगो गार्सिया आणि त्याच्या लगतचे पाणी या क्षेत्रातून वगळण्यात आले होते. तळावरील लोकांनी तेथे हौसेखातर गळ टाकण्यास हरकत नव्हती.

या घोषणेमागील हेतूविषयी पुष्कळ संशय व्यक्त झाला. विस्थापित चागोसवासीयांना पुन्हा बेटांवर पाय ठेवता येऊ नये म्हणूनच हा घाट घातला गेला, असे अनेकांचे म्हणणे होते. ब्रिटनच्या न्यायालयांपुढेही तो वाद गेला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ब्रिटनचा हेतू शुद्ध होता असे क्षणभर गृहीत धरू. चागोसचे प्रवाळ, तेथील कासवे, समुद्रपक्ष्यांच्या वसाहती आणि नारळी खेकडे हे जगाचे मोलाचे धन आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न असा की, उद्दिष्ट चांगले असले म्हणजे ते कोणीही, कोणासही न विचारता साधावे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिले गेले आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी दान आणि उत्सर्ग असा भेद केला. एखादी वस्तू विशिष्ट व्यक्तीस देणे हे दान. विहीर, तळे, उपवन सर्व भूतमात्रांच्या उपयोगासाठी सोडून देणे हा उत्सर्ग. समुद्राचा एखादा भाग मासेमारीतून मुक्त करून सर्व सृष्टीसाठी राखणे हा या दृष्टीने उत्सर्गच म्हणावा लागेल. पण दान असो वा उत्सर्ग असो, त्यासाठी देणाऱ्याचे त्या वस्तूवर स्वत्व असावे लागते. दुसऱ्याचे तळे आपण लोकार्पण करू म्हटल्याने पुण्य लागत नाही. उलट तंटा उभा राहतो. आपल्या देवस्थानांच्या कारभारातील उदाहरण घेतले तर गोष्ट अधिक स्पष्ट होईल. एखाद्या वहिवाटदाराकडे बाग सोपविली आहे. आपले काम सरले की ती मूळ धन्यास परत करण्याचे त्याने कबूल केले आहे. तोवर फळांवरील धन्याचा हक्कही त्याने मान्य केला आहे. असा वहिवाटदार एके दिवशी उठून, या बागेची मी कायमची देवराई केली, आता कोणी एक फळही तोडावयाचे नाही, अशी दवंडी पिटू लागला, तर देवराईचे महत्त्व कितीही असो, कोणताही सुज्ञ महाजन त्यास विचारील की, धन्यास विचारलेत काय?

लवादाने नेमका हाच प्रश्न विचारला, आणि हेच या निवाड्याचे मर्म आहे. ब्रिटनचे म्हणणे असे होते की, १९६५ ची वचने राजकीय स्वरूपाची होती, कायद्याने बंधनकारक नव्हती. शिवाय त्या वेळी मॉरिशस स्वतंत्र राष्ट्र नसल्यामुळे राजसत्ता आणि तिची वसाहत यांच्यात आंतरराष्ट्रीय करार संभवतच नाही. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. लवादाने तो मान्य केला नाही. १९६८ साली मॉरिशस स्वतंत्र होताच ही वचने दोन राष्ट्रांमधील बंधने झाली, असे लवादाने ठरविले. त्यानंतर ब्रिटनने ती अनेकदा पुन्हा उच्चारली होती आणि मॉरिशसने त्यांवर विसंबून आपले धोरण आखले होते. अशा स्थितीत आपण दिलेला शब्द मागे घेता येत नाही. वकिली भाषेत यास विबंध म्हणतात. घरगुती भाषेत, शब्दाला जागणे.

पुढचा भाग आम्हांस अधिक उद्बोधक वाटला. समुद्रविषयक कायदा किनारी राष्ट्रास आपल्या क्षेत्रात पुष्कळ अधिकार देतो, परंतु ते बजावताना इतर राष्ट्रांच्या हक्कांची यथोचित दखल घेतली पाहिजे, असेही सांगतो. ‘यथोचित दखल’ हे शब्द वाचावयास गुळगुळीत आहेत. त्यांत कोणी काहीही भरावे. लवादाने त्यांस अर्थ दिला तो तुलनेच्या द्वारे. याच संरक्षित क्षेत्राविषयी ब्रिटनने अमेरिकेशीही बोलणी केली होती. ती वेळेवर झाली, सविस्तर झाली, अमेरिकेच्या शंकांचे निरसन झाले आणि तिच्या हितास बाध येणार नाही अशी काळजी घेतली गेली. मॉरिशसशी जुलै २००९ मध्ये झालेली भेट मात्र लवादास रात्रीच्या काळोखात एकमेकांशेजारून निघून जाणाऱ्या दोन जहाजांसारखी वाटली. दोघेही बोलले, परंतु एकाचे दुसऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही. एकाच यजमानाने एकाच कार्याचे एकास घरी जाऊन अक्षत देऊन आमंत्रण द्यावे आणि दुसऱ्यास वाटेत भेटला असता सहज कळवावे, तसा हा प्रकार. ब्रिटनला सल्लामसलत कशी करावी हे ठाऊक नव्हते असे म्हणण्यास या तुलनेने जागाच ठेवली नाही. आमच्या मते निवाड्यातील सर्वांत भेदक युक्तिवाद हाच आहे.

अखेर लवादाने एकमताने ठरविले की, हे क्षेत्र स्थापन करताना ब्रिटनने समुद्रविषयक कायद्याच्या तीन तरतुदींचा भंग केला. परंतु त्याचबरोबर एक वाक्य फार विचारपूर्वक लिहिले आहे. संरक्षित क्षेत्र चांगले की वाईट याविषयी लवाद काही म्हणत नाही. आक्षेप आहे तो ते ज्या रीतीने स्थापन झाले त्या रीतीस. सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी उभयपक्षी समाधानकारक व्यवस्था करण्याचा मार्ग दोन्ही पक्षांस आता मोकळा आहे, असेही निवाडा सुचवितो. पर्यावरणरक्षणाचा कैवार घेणाऱ्यांनी हा निवाडा आपल्याविरुद्ध गेला असे मानण्याचे कारण नाही. निवाड्याने समुद्र उघडा केला नाही; तो दोघांनी मिळून झाकावा, एवढेच सांगितले.

येथवर आम्ही स्तुती केली. आता उणिवा. पहिली उणीव सार्वभौमत्वाच्या प्रश्नाची. चागोसच्या संदर्भात ‘किनारी राष्ट्र’ कोणते, हा मूळ प्रश्न लवादाने आपल्या अधिकाराबाहेरचा ठरविला, तोही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. काटेका आणि वोल्फ्रुम या दोन सदस्यांनी आपले भिन्न मत नोंदविले. कायद्याच्या कक्षेचा विचार करता बहुमताची सावधगिरी समजू शकते. परंतु परिणामी बाग कोणाची हे न ठरविता वहिवाटदाराने धन्यास विचारावयास हवे होते, एवढेच ठरले. हा प्रश्न पुढे दुसऱ्या दारी जावा लागला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध एक अशा मतांनी सल्ला दिला की, मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीरपणे पूर्ण झालेली नाही आणि ब्रिटनने चागोसवरील आपला कारभार शक्य तितक्या लवकर संपविला पाहिजे. भिन्न मत देणाऱ्या दोघा सदस्यांस इतिहासाने चार वर्षांतच बळ पुरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी उणीव आम्हांस अधिक बोचते. पाचशेहून अधिक परिच्छेदांच्या या ग्रंथात नायक दोन आहेत आणि दोन्ही राष्ट्रे आहेत. ज्यांची घरे गेली, ते चागोसवासी कथेच्या पार्श्वभूमीत येतात आणि पार्श्वभूमीतच राहतात. आंतरराष्ट्रीय लवादापुढे राष्ट्रेच वादी-प्रतिवादी होऊ शकतात, हे कायद्याचे बंधन आम्ही जाणतो. तरीही परीक्षकाने म्हणावयास हवे की, या निवाड्यातील ‘विचारणे’ राजधानीपासून राजधानीपर्यंतच पोहोचते. ज्या माणसाच्या आजोबांनी त्या समुद्रात होडी घातली, त्यास विचारण्याची जागा या विवेचनात नाही. हा दोष पुढेही सुटला नाही. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. चागोस मॉरिशसचे असे मान्य करावयाचे, दिएगो गार्सियाचा तळ नव्याण्णव वर्षे ब्रिटनच्या ताब्यात राहावयाचा, आणि सागरी संरक्षित क्षेत्राची स्थापना व व्यवस्था करण्यास ब्रिटनने मॉरिशसला साहाय्य करावयाचे, असे त्यात ठरले. विस्थापितांसाठी एका निधीचीही तरतूद आहे. तथापि त्या करारावरून ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत वाद झालेले आहेत, आणि अनेक चागोसवासीयांची तक्रार अशी आहे की, याही वेळी आमच्याविषयी बोलणी झाली, आमच्याशी झाली नाहीत. ती तक्रार अवाजवी आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पर्यावरणवादी म्हणतील : तुमचे विचारणे संपेपर्यंत मासे थांबतील काय? प्रवाळ थांबतील काय? एका राष्ट्राने धैर्याने एका दिवसात जे केले, ते पंचवीस राष्ट्रांस दहा वर्षांत जमत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यास उत्तर देण्यासाठी दक्षिण ध्रुवाकडील रॉस समुद्राचे उदाहरण घ्यावयास हवे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री जीवांच्या रक्षणासाठी १९८० सालच्या करारान्वये नेमलेल्या आयोगात प्रत्येक सदस्याची संमती लागते. भारतही त्याचा सदस्य आहे. रॉस समुद्राच्या संरक्षणाचा अमेरिका आणि न्यूझीलंड यांचा प्रस्ताव त्या आयोगापुढे २०१२ पासून वर्षामागून वर्षे फेटाळला गेला. त्याचे क्षेत्र कमी करावे लागले, काही भागांत मासेमारीस वाव ठेवावा लागला, मुदत पस्तीस वर्षांची घालावी लागली. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये होबार्ट येथे, रशिया आणि चीन यांच्यासह, चोवीस राष्ट्रे आणि युरोपीय संघ यांची संमती मिळाली, आणि १ डिसेंबर २०१७ पासून सुमारे साडेपंधरा लक्ष चौरस किलोमीटरचे ते क्षेत्र अमलात आले. त्यातील सुमारे बहात्तर टक्के भागात मासेमारीस पूर्ण बंदी आहे.

यात तडजोडी झाल्या, हे उघड आहे. संमतीच्या याच नियमामुळे पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव दहा वर्षांहून अधिक काळ अडून राहिला, हेही आम्ही लपवू इच्छित नाही. म्हणूनच खुल्या समुद्राच्या नव्या करारात, सर्वसंमतीचे प्रयत्न निष्फळ ठरले तर तीन-चतुर्थांश बहुमताने संरक्षित क्षेत्र ठरविता येईल, अशी सोय ठेवली आहे. आणि प्रस्ताव मांडण्याच्या वाटेवर संबंधित राष्ट्रांशी, मूळनिवासी समाजांशी आणि शास्त्रज्ञांशी विचारविनिमय करणे बंधनकारक केले आहे. विचारल्याने विलंब होतो. पण सर्वांना विचारावयाचे म्हणजे एकास कायमचा नकाराधिकार द्यावयाचा, असे नव्हे. हा विवेक चागोस निवाड्यातही आहे. मॉरिशसची परवानगीच हवी होती, असे लवाद म्हणत नाही. सद्भावनेने, वेळेवर, तिचे हित तोलून बोलणी करावयास हवी होती, असे म्हणतो.

शिवाय एका दिवसात झालेल्या कामाचा हिशेब पाहावा. संमतीने ओढलेल्या रेषेचे पालन रेषा ओढणारेच करतात. हुकमाने ओढलेल्या रेषेवर पहारा ठेवावा लागतो. चागोसच्या अफाट समुद्रात ब्रिटनची मदार प्रामुख्याने एकाच गस्ती जहाजावर राहिली, आणि श्रीलंका व भारत येथून आलेल्या नौका तेथे चोरून मासेमारी करताना पकडल्या गेल्या आहेत. ज्या शेजाऱ्यांच्या सहकार्यावाचून हा पहारा पुरा पडणे कठीण, त्यांतील सर्वांत जवळच्या हक्कदारासच प्रथम दुखविण्यात आले. आणि पंधरा वर्षांनंतर, २०२५ च्या करारात, तेच संरक्षित क्षेत्र नव्या धन्याच्या नावे नव्याने मांडण्याची वेळ आली. जे घाईने झाले ते लवकर झाले असे दिसते. प्रत्यक्षात ते अद्याप व्हावयाचेच आहे.

आम्हांस हा निवाडा थोर वाङ्मय वाटत नाही. त्याची भाषा रुक्ष आहे, तो पुनरुक्तीने जड झाला आहे, आणि सर्वांत मोठ्या प्रश्नापाशी येऊन तो थबकतो. तथापि, वचन हे वचन असते आणि सत्कार्याच्या नावाखालीही ते मोडता येत नाही, हे साधे सत्य त्याने एका बलाढ्य राष्ट्रास एका लहान राष्ट्राच्या मागणीवरून ऐकविले, आणि तेही निसर्गरक्षणाच्या उद्दिष्टास यत्किंचितही कमीपणा न आणता. येत्या काळात आपल्याही किनाऱ्यांवर, आपल्याही सरकारांकडून समुद्राचे भाग राखून ठेवले जातील, आणि ते राखले जावेत अशीच आमची इच्छा आहे. त्या वेळी वाचकांनी प्रत्येक घोषणेचा मसुदा हाती घेऊन त्यात प्रथम माशांची नावे न शोधता, त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसांस कोणी, केव्हा आणि काय विचारले याची नोंद शोधावी. ती नोंद सापडली नाही, तर ते क्षेत्र टिकणार नाही असे खुशाल समजावे.